कौसाबाईचा लिंब आणि लाल पिशवी

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. आमच्या सहकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. त्या काळात दोन दुष्काळ गेले, पाण्याची बोंब झाली, पण हसण्याची टंचाई कधी पडली नाही.

*

दवाखान्याचा कचरा वेगवेगळा ठेवायचा नियम आला, तशा पिवळ्या, लाल, निळ्या, पांढऱ्या बादल्या आल्या. आमचे चेअरमन सिरसाळ्याचे, राजकारणात मुरलेले. बादल्यांभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ह्यात आपल्या पक्षाचा रंग काहून न्हाई?"

*

मग ट्रेनिंगला एक मॅडम आल्या. "रक्ताचा कापूस पिवळ्या बादलीत," त्या सांगत होत्या. पहिल्या रांगेत डुलक्या घेणारे एक संचालक 'कापूस' ऐकून जागे झाले.

"एकरी किती उतरला?"

*

उन्हाळ्यात लोक टँकरची वाट बघून कावलेले असायचे. कचरा न्यायची गाडी दिसली तरी बाया घागरी घेऊन धावायच्या. ड्रायव्हर हात जोडायचा, "मावशे, पाणी न्हाई, आत पट्ट्या हायत." एका म्हातारीनं तरीही आत डोकावून खात्री केली.

*

सफाईला कौसाबाई होती, धर्मापुरीची, ऊसतोड सोडून आलेली. सलाईनची रिकामी बाटली कापून लाल पिशवीत टाकायची, असा नियम. बाईनं बाटल्या कापल्या, पण अंगणातल्या कडुलिंबाला उलट्या टांगून त्यात हात धुतलेलं पाणी भरलं. हेड सिस्टर ओरडल्या, तर म्हणते, "कापल्या न्हवं?"

चेअरमननी तंबी दिली, "तपासणीत एक जरी बाटली झाडाला दिसली, तर घरी बसायचं."

मला लई वाईट वाटलं. अख्ख्या आवारात तेवढी एकच सावली, तीही तिनं रोपापासून जगवलेली. पुन्हा कोयता धरायचं तिचं वय राहिलं नव्हतं. मी समजावलं, पण ऐकेल तर ती कौसाबाई कसली!

*

तपासणीचे साहेब नेमके मे महिन्यात, भर दुपारी आले. त्यांनी कागद बघितले, बादल्या बघितल्या आणि अंगणात येऊन थबकले. लिंबाला चार बाटल्या, थेंब थेंब चालू.

"हे कुणाचं काम?"

चेअरमननी लगेच कौसाबाईकडं बोट केलं.

"बाई, ह्या बाटल्या लाल पिशवीत पाहिजेत. आत्ताच्या आत्ता काढा."

कौसाबाईनं पदर खोचला.

"काढते की साहेब. आदी तुमची गाडी सावलीतून काढा."