इव्हान्सकाकांचं काळं बटण

"तुम्ही इंग्लिश का?" असं कोणी विचारलं, की अमेरिकेत पार्सिपनीतले आमचे शेजारी इव्हान्सकाका हातातला कप खाली ठेवून गरजायचे, "वेल्श!" वेल्स इंग्लंडला खेटूनच, पण तिथल्या माणसाला इंग्लिश म्हटलेलं खपत नाही. मग त्या बिचाऱ्याची रवानगी थेट त्यांच्या तळघरात व्हायची. तिथे काकांनी आपल्या वेल्श पलटणीचं म्युझियम थाटलं होतं. टोप्या, बिल्ले, बिगुल आणि पलटणीच्या बोकडाचा फोटो. "हा आमच्यात कॉर्पोरल होता," काका सांगायचे. "माझ्याआधी बढती मिळाली त्याला."

मधोमध काचेच्या पेटीत एक काळंकुट्ट बटण होतं. त्याच पलटणीतून लढलेल्या काकांच्या आजोबांच्या कोटाचं. त्यावर पहिल्या महायुद्धातला चिखल आहे, असं सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. त्या एका बटणापायी सगळं म्युझियम उभं राहिलं होतं.

२००३ साली माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. मी आई म्हणतो म्हणून काकाही तिला आईच म्हणू लागले. वयाने ते दहा वर्षांनी मोठे! ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं.

एकदा शाळेची मुलं म्युझियम बघायला येणार होती. काका केक आणायला गेले आणि आईने साफसफाई अंगावर घेतली. दिवाळीआधी घासते तसं तिने सगळं पितळ चिंचेने लख्ख केलं. बटणासकट.

"मेलं किती काळं पडलं होतं!" ती खुशीत म्हणाली. काकांनी परत आल्यावर बटण भिंगाखाली धरलं आणि मटकन खुर्चीत बसले. बटणावर एका इंग्लिश पलटणीचं नाव चकाकत होतं.

"रागावले का रे? अजून घासू?"

मी तिला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "अरे, लढाईत बटण तुटलं तर माणूस दुकानात जाईल का? शेजारच्याचं लावलं असेल."

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "आई, हे परत काळं होईल?"

आईने निरांजन लावलं आणि त्याची काजळी बटणावर धरली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "इज धिस इंग्लिश?" काका गडबडले. तेवढा एकच शब्द कळलेली आई मागून कडाडली, "वेल्श!"

तीन वर्षांनी काका गेले. म्युझियमच्या पेट्या त्यांच्या मुलीने वेल्सला पाठवल्या. बटण मात्र तिने माझ्या हाती दिलं. "डॅड म्हणाले होते, हे आईला."

आता ते पुण्याला आमच्या देव्हाऱ्यात असतं. मागच्या सुट्टीत आई देव घासत बसली होती. मी ते बटण तिच्यापुढे सरकवलं. तिने ते पदराने नुसतं पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "वेल्शच राहू दे."