वाजणाऱ्या अंड्यांचा कोपरा

आर्लीन हॉफस्टेटरला गावात सगळे भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. मी तिच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलंय. ती बाई विनाकारण एकदाही भांडलेली नाही. कारणं तिला जरा लवकर सापडतात, एवढंच.

शाळेची बस चालवायची ती. आमच्या ओहायोच्या हिवाळ्यात, जिथे दुधाची गाडीसुद्धा यायला का-कू करते, तिथे हिची बस वेळेवर हजर. मागच्या सीटवर कुणी कुणाचा डबा पळवला, तर मक्याच्या शेताकडेला बस उभी करायची आणि डबा परत मिळेपर्यंत हलायची नाही. आईबापांनी तक्रारी केल्या. शाळेने समज दिली. पुढच्या आठवड्यात बस पुन्हा शेताकडेला! "ज्याचा डबा गेला तो उपाशी राहिला असता, त्याची तक्रार कोण घेणार होतं?" हे तिचं उत्तर. आता निवृत्त झालीये. मुलगी डार्ला दोन नोकऱ्या करते, म्हणून नातवंडं आर्लीनकडेच असतात. जूनी सहा वर्षांची, कोडी चार. जूनीला जन्मापासून दिसत नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी बेसबॉलच्या मैदानावर अंडी शोधायला सगळं गाव लोटतं. प्लास्टिकची रंगीत अंडी, आत गोळ्या-चॉकलेटं. लपवलेली म्हणायची, पण असतात गवतात भिरकावलेली. शिट्टी झाली की पोरं दोरीखालून पळतात, आणि पोरांच्या पुढे त्यांचे आईबाप. मोठ्यांनी आत यायचं नाही, असं दरवर्षी गाणी वाजवणाऱ्या भोंग्यावरून सांगतात. ऐकतंय कोण! तीन वर्षांच्या पोराच्या नावाखाली चांगली मोठी माणसं एकमेकांना कोपरं मारतात. बघून शरम वाटते मेली.

मागच्या वर्षी आर्लीन जूनीचा हात धरून आत गेली. जूनीने वाकून गवत चाचपडावं, तोवर तिथलं अंडं कुणीतरी उचललेलं. शेवटी टोपली रिकामी. मग आला बायकांना कळवळा. येता-जाता प्रत्येकीने आपल्या पोराच्या टोपलीतलं एकेक अंडं तिच्या टोपलीत टाकलं. "कित्ती गोड पोर गं!" आणि पुढे चालू पडल्या. जूनीने टोपली सरळ उपडी केली.

"ही मला सापडलेली नाहीत," ती म्हणाली.

घरी जाईपर्यंत गाडीत रडली. रडून झाल्यावर तिने विचारलं, "आजी, मला एकतरी अंडं सापडेल का गं? माझं मला?"

आर्लीनने ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आर्लीनच्या! मग तिने डोळे पुसले आणि फोन उचलला.

शहरातल्या अंध मुलांच्या शाळेत वाजणारी अंडी असतात. आत छोटं यंत्र बसवलेलं, कळ दाबली की टिंव टिंव करत राहतं. मूल कानाने माग काढत जातं आणि उचलतं. शाळा ती अंडी आनंदाने द्यायला तयार होती. तयार नव्हती ती अंड्यांचा शोध भरवणारी आमच्या गावची समिती. समितीचा प्रमुख डर्क फेनमोर. विमे विकतो, त्यामुळे कुणी मेलं तरी हसऱ्या चेहऱ्यानेच येतो. आख्खा हिवाळा त्याने आर्लीनला खेटे घालायला लावले. जागा नाही, माणसं नाहीत, आणि शेवटी मनातलं बोललाच, "एका मुलीसाठी एवढं?"

"एका डब्यासाठी मी बस थांबवायचे," आर्लीन म्हणाली. "तुम्हाला एका पोरीसाठी एक भोंगा थांबवता येत नाही?"

अखेर सगळ्यांसमोर कबूल झाला. मोठ्या शोधाच्या आधी जूनीची पाळी. तिच्यासाठी दोरी बांधलेला कोपरा. आणि तिचं होईपर्यंत गाणी बंद.

यंदा त्या शनिवारी आम्ही पोरांना घेऊन गेलो. जूनी पिवळ्या रेनकोटात, टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. आदल्या दिवशीपासून ती फक्त आवाजांबद्दलच बोलत होती. आणि कोपरा कुठे दिला असेल? भोंग्याच्या खाली! एका अंगाला भोंगा, दुसऱ्या अंगाला गोड भजी तळणाऱ्याची गाडी, तिचं जनरेटर धडधडतंय. गाणी ठणाणा चालू. एकेकाची कळ दाबून आर्लीनने स्वतः अंडी मांडली. मी एका अंड्याला अगदी लागून उभी होते, तरी मला त्याचा आवाज येईना.

जूनी दोरीच्या आत गेली. मान कलती केली. थोडी इकडे वळली, थोडी तिकडे. मग जागच्या जागीच थांबली.

"आजी, अंडी चालू केलीस का?"

"केलीत गं राणी."

"मग वाजत का नाहीत?"

आर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इर्मा, कोडीला धर," ती मला म्हणाली आणि तरातरा फेनमोरकडे निघाली. मीही कोडीला काखोटीला मारून मागे.

"डर्क, गाणी बंद करायची ठरली होती."

"अगं हो, पण लोक कंटाळतात ना. सणाचा दिवस आहे, आर्लीन, जरा हस की!" त्याने टेबलाखालून रिबिनी लावलेली भलीमोठी टोपली काढली. "हे बघ, सोय करून ठेवलीये. दहा मिनिटांनी ईस्टरच्या सशाचा पोशाख घातलेला आपला माणूस ही तिच्या हातात देईल. फोटोवालासुद्धा बोलावलाय."

"तिला बक्षीस नकोय. तिला अंडं शोधायचंय."

"तिला काय फरक पडतो? दिसत तर नाही. भरलेली टोपली हाताला लागली की खूश होईल पोर."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! तेवढ्यात टोपीवाला एक बाप दोरी ओलांडून कोपऱ्यात शिरला, त्याने एक अंडं उचललं, कानाशी धरलं आणि मुलाला म्हणाला, "हे भारी आहे रे! घे तुला." जूनी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती.

"ठेव ते खाली!" मी ओरडले. "लाज नाही वाटत?"

"एवढं काय झालं, काकू? एक अंडं तर आहे."

"मग तुझ्या पोराला दुसरं मिळेल! ठेव!"

ठेवलं. पण आर्लीनने ते पाहिलं होतं. ती भोंग्याच्या मागे गेली आणि वायर ओढून काढली. गाणं अर्ध्यात तुटलं. मग ती भजीवाल्याकडे वळली.

"बंद कर ते धूड."

"तेल थंड होईल हो माझं."

"होऊ दे."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि जनरेटर बंद केलं. मग आर्लीन बाकावर चढली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कुणाला म्हणून सोडलं नाही. फेनमोरला, "हिला काय फरक पडतो म्हणणाऱ्या शहाण्या, तुझे डोळे बांधून तुला याच मैदानात सोडायला हवं!" टोपीवाल्या बापाला. मागच्या वर्षी दयेची अंडी टाकणाऱ्या बायकांना, नावं घेऊन. लोक आधी कुजबुजले, मग एकमेकांना गप्प करायला लागले, पोरांच्या तोंडांवर हात ठेवायला लागले. सगळं मैदान चिडीचूप झालं. आर्लीनचं चालूच. शाळेच्या बसला नवे टायर न देणाऱ्यांपर्यंत पोहोचली ती. मला बाई मनातून इतकं बरं वाटत होतं, की तिला थांबवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आजी!" जूनीने हाक मारली.

"काय गं?"

"सगळे गप्प झालेत. आता फक्त तूच ओरडतेयस. मला अंडं ऐकू येत नाहीये."

आर्लीनचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. चेहरा लालबुंद झाला. मग तिने ओठ मिटले आणि बाकावरच हळूच खाली बसली.

टिंव. टिंव. आता मलाही ऐकू आलं.

जूनी वळली. दोन पावलं गेली, थांबली, परत आली. एकदा ओल्या गवतावर पाय घसरून गुडघ्यावर आपटली. आर्लीन ताडकन उठली. मी तिचा कोट धरला. जूनी उठलीच नाही, तशीच रांगत पुढे गेली. हाताने गवत चाचपलं, डावीकडे, मग जरा उजवीकडे, आणि तिची बोटं अंड्यावर पडली. ते तिने दोन्ही हातांत धरून कानाला लावलं आणि कळ दाबून गप्प केलं.

कुणीतरी हुंदका दिला. कुणी टाळी वाजवायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळेच टाळ्या पिटत ओरडायला लागले.

जूनीने तोंडावर बोट ठेवलं. "शूऽऽ! ओरडू नका ना. अजून एक वाजतंय."