जांभळं आयोडीन

रज्जाक कंपौंडरला बसून राहता येत नसे. देऊळगाव राजाच्या दवाखान्यात पेशंट नसले की तो बाटल्या पुसायचा, आणि तेही झालं की दारात उभा राहून जालन्याच्या रस्त्याकडे बघायचा. नसीमा, त्याची बायको, म्हणायची, "इनको कबर में भी करवट बदलने जगा लगेगी."

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष होतं. बुलढाण्याहून येणारं स्पिरिट आधी निम्मं झालं, मग बंदच झालं. आयोडीनचे खडे बरणीभर होते, पण विरघळवायचे कशात? डॉक्टर महिन्याच्या रजेवर नागपूरला गेलेले. जाताना त्यांनी क्लोरोफॉर्मची एक जुनी बाटली दाखवून सांगितलं होतं, "शिळा झालाय हा. कुणाला हुंगवू नका, ओतून टाका."

रज्जाकने ओतला नाही. स्पिरिट जसं उडून जातं तसा हाही उडून जातो, मग काय बिघडलं, म्हणून त्याने खडे त्यातच टाकले. खडे विरघळले आणि बाटली पिकल्या जांभळासारखी झाली. तो दचकला. वास आयोडीनचाच होता. मनगटावर एक रेघ ओढून पाहिली. घटकाभरात जांभळा रंग उडाला आणि नेहमीचा तपकिरी डाग उरला. त्याचं समाधान झालं. पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही, बाटलीवरची क्लोरोफॉर्मची जुनी चिठ्ठीही तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी कडूबा लंगडत आला. कपाशीत गवत काढायचा डवरा हाकताना डवऱ्याची लोखंडी पास पायाच्या अंगठ्यात घुसली होती. सोबत बायको तानुबाई. रज्जाकने बोळा बुडवला तशी ती पुढे झाली.

"हे काय लावून राह्यले, कंपौंडर भाऊ?"

"आयोडीन."

"मले काय आंधळी समजता? मागच्या साली माह्या बोटाले लावलं थे भुरं होतं."

"तेच आहे, बाई."

"तेच हाय म्हणते. उद्या मिरची दाखवून म्हणान, वांगंच हाय."

कडूबा हसला आणि अंगठा झोंबला म्हणून लगेच ओरडला.

तानुबाई पाणवठ्यावर बोलली. बाजाराच्या दिवसापर्यंत गावभर झालं की कंपौंडरने खरं औषध विकलं आणि आता लोकांच्या जखमांना शाई लावतो. शेषराव देशमुख दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष. ते तक्रारीचा लिहिलेला कागद हातात घेऊनच आले, बुलढाण्याच्या सिव्हिल सर्जनच्या नावाचा. तो डाकेत पडला की रज्जाकची अठरा वर्षांची नोकरी आणि दवाखान्यामागची राहती खोली, दोन्ही जाणार होत्या.

"भाऊसाहेब, खडा एकच असतो," रज्जाक म्हणाला. "स्पिरिटात विरघळला की भुरा दिसतो, ह्याच्यात विरघळला की जांभळा. बघा."

त्याने काचेच्या नळीत जांभळं औषध घेतलं. स्पिरिटच्या दिव्याच्या तळाशी थोडं उरलं होतं, ते त्यात ओतून हलवलं. जांभळा रंग आधी लालसर झाला, मग तपकिरी. दारातली माणसं पुढे सरकली. रज्जाकला वाटलं, सुटलो.

शेषरावांनी नळी उजेडात धरली. "म्हणजे तुह्या थेंबानं रंग फिरते."

"हो, भाऊसाहेब."

"मंग आजवर जे भुरं लावलं थे तरी खरं कशावरून?"

ज्याने रज्जाक सुटणार होता त्यानेच तो अडकला होता.

शेषराव माणूस वाईट नव्हता. नळी खाली ठेवून ते म्हणाले, "रंगाचं मले समजत नाही. कडूबाचा अंगठा समजन. आठ दिवस. भरला, तं कागद फाडतो. पिकला, तं डाकेत टाकतो."

त्या दिवसापासून रज्जाक सकाळ-संध्याकाळ कडूबाच्या दारात जाऊ लागला. पट्टी हुंगायचा, सूज चढली का म्हणून घोटा चाचपायचा. रात्री तो कूस बदलत राही आणि नसीमा पाठ करून जागी राही. तिने घरातले पत्र्याच्या दोन ट्रंका रिकाम्या करून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते त्याने विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला तर कडूबा बैल जुंपत होता.

"अरे, पाय!"

"उघडीप हाय, भाऊ. तुह्या आयोडीनसाठी गवत थांबन का?"

रज्जाकने वहाणा काढल्या आणि डवरा आपल्या हातात घेतला. कडूबाला त्याने बांधावर बसवलं, पाय दगडावर, वर. जन्मात त्याने बैल हाकले नव्हते. बैलांना ते दहा पावलांत कळलं.

"गवत काढून राह्यले की कपाशी?" तानुबाई मागून झाडं पुन्हा रोवत येत होती. "इकडं हाना. इकडं. कंपौंडर म्हणे."

दवाखाना उघडण्याआधी दोन तास, बंद झाल्यावर दिवेलागणीपर्यंत, असे पाच दिवस गेले. घरी नसीमा त्याच्या तळहातांचे फोड बघून म्हणाली, "अब इसपे कौनसा रंग लगाऊँ?" मग तिनेच खोबरेल लावलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी शेषरावांसमोर दवाखान्यात पट्टी सुटली. अंगठ्यावर कोवळी गुलाबी कातडी धरली होती. शेषरावांनी स्वतः दाबून पाहिलं.

"दुखते?"

"नाही जी."

त्यांनी खिशातून कागद काढला, फाडला, तुकडे रज्जाकच्या टेबलावर ठेवले. "बाटलीवर लिही, काय कशात हाय थे." आणि निघून गेले.

रज्जाक खाली बसला. कितीतरी दिवसांनी बसला.

"मी जातो वावरात," कडूबा उठत म्हणाला.

"तू बस," तानुबाई म्हणाली. "अजून नवी कातडी हाय. नदीकडच्या चार ओळी राह्यल्या न, कंपौंडर भाऊ? तुमचा हात आता कुठं बसला."

रज्जाकने तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग त्याने बाटलीवर चिठ्ठी लिहून चिकटवली, दवाखान्याला कुलूप घातलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.