अपघाती फोटोवाला आणि म्हाताऱ्या मोटारी

पुंजाराम निकाळेचं माणसांच्या फोटोबद्दल मत फार वाईट होतं. कॅमेरा समोर आला की माणूस पोट आत घेतो, मान ताठ करतो आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो. तोच हात घरी तिच्यावर उगारण्यापलीकडं कधी वर गेलेला नसतो. ठोकलेला ट्रक असली सोंगं करत नाही. जिथं चेपला तिथं चेपलेला दिसतो.

म्हणून नाशिकच्या भद्रकालीत, जिन्याखालच्या त्याच्या दुकानात, बाबासाहेबांची तसबीर सोडली तर माणसाचा एकही फोटो नव्हता. भिंतभर नुसते ट्रक, टँकर आणि उताण्या पडलेल्या एस.टी. गाड्या. आग्रा रोडवर कसाऱ्यापासून चांदवडच्या घाटापर्यंत कुठं गाडी पडली, की विम्याच्या साहेबाचा नाहीतर पोलीस ठाण्याचा निरोप यायचा. पुंजाराम गळ्यात याशिका कॅमेरा अडकवून, मिळेल त्या ट्रकच्या केबिनमध्ये चढून निघायचा. पद्धत ठरलेली. पुढून, मागून, दोन्ही अंगांनी. मग इंजिनचा नंबर, चेसिसचा नंबर. प्रत्येक फोटोत एक लाकडी फूटपट्टी, म्हणजे किती मोडलं ते कोर्टाला बसल्या जागी मोजता यावं. दोन-तीन वर्षांनी केस उभी राहिली की पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं, "हा फोटो मी काढला. जसं होतं तसं काढलंय."

अठरा वर्षांत हे वाक्य त्यानं दोनशे वेळा तरी म्हटलं असेल. पण कागदावर त्याचं नाव कधी आलं नाही. फोटोवर फक्त कोर्टाचं 'निशाणी सात', 'निशाणी अकरा'.

"एकदा तरी आपलं नाव छापलेलं बघायचंय, सुमन," तो बायकोला म्हणायचा.

सुमनबाई भाकरी थापताथापता म्हणायची, "मग मतदारयादी बघा की. छापलंय तिथं. बापाच्या नावासकट."

तिला गंमत वाटायची, त्याला वाटत नसे. चार जणांना दाखवता येईल असा गुळगुळीत कागद, त्यावर आपण काढलेला फोटो आणि खाली आपलं नाव. बाकी कशाची हाव नव्हती बिचाऱ्याला. पण ही एक हाव होती, आणि ती पक्की होती.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं जुन्या मोटारींची शर्यत नाशिकला आणली. तिच्या स्वागत समितीचा अध्यक्ष चांदवडकडचा कांद्याचा मोठा व्यापारी निवृत्तीशेठ. या शेठनं पाच वर्षांपूर्वी एका कंगाल संस्थानिकाकडून लांबलचक, उघड्या टपाची, तीस सालची मोटार विकत घेतली होती. मोटारीबरोबर संस्थानही आलं, अशी त्याची समजूत. तेव्हापासून तो कांद्याच्या चाळीतसुद्धा छडी घेऊन फिरायचा.

मुंबईच्या फोटोग्राफरला ऐनवेळी कावीळ झाली. शेठनं पुंजारामला बोलावून घेतलं.

"निकाळ्या, मेलेल्या गाड्यांचे लय फोटो काढले. आता जित्या गाड्यांचे काढ. प्रत्येक गाडी, मालकासकट. आपण झकास स्मरणिका छापू. खाली नाव टाकतो तुझं. छायाचित्रे: पुंजाराम निकाळे. काय?"

पुंजारामला शेठचं तोंड आवडत नव्हतं, त्याची छडी तर मुळीच नाही. पण आपल्या नावाच्या त्या दोन शब्दांनंतर त्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

शनिवारी सकाळी तो इगतपुरीला, घाट संपतो तिथं जाऊन बसला. कसाऱ्याहून गाड्या एकेक करून सोडायच्या, आणि कोण किती मिनिटांत वर येतो ते घड्याळात बघायचं, अशी ती शर्यत. या घाटाचं प्रत्येक वळण पुंजारामला मेलेल्या ड्रायव्हरच्या नावानिशी ठाऊक होतं. आज त्याच वळणांवरून हौशी मंडळी येत होती. डोळ्यांना वैमानिकाचे चष्मे, गळ्यात रेशमी रुमाल, शेजारी बाईसाहेब, आणि मागच्या सीटवर पाण्याचे डबे मांडीत धरलेला मेकॅनिक. गाडी फुरफुरली की मालक घड्याळ बघायचा आणि मेकॅनिक उडी मारून ढकलायला लागायचा. वर पोचल्यावर मालकाच्या गळ्यात हार. ढकलणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही; ते होतं ते गाड्यांना ओतलं होतं. एका सरदाराच्या ऐटीतल्या गृहस्थाला तर दूधवाल्याची सायकल मागं टाकून गेली. त्यानं दूधवाल्याला इंग्रजीत शिव्या दिल्या.

पण मोटारींबद्दल पुंजारामचं असं नव्हतं. अठरा वर्षं त्यानं मोडलेलं लोखंड बघितलं होतं. न मोडलेलं, पन्नास वर्षं टिकलेलं लोखंड तो पहिल्यांदाच बघत होता. हातानं ठोकून वळवलेले मडगार्ड, घंगाळासारखे पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं. आवाज तर असा की इंजिनचा एकेक ठोका सुटा ऐकू यावा, उखळात मुसळ पडल्यासारखा. असल्या चीजा असल्या माणसांच्या हाती पडाव्यात, याचा त्याला मनापासून संताप आला.

तेवढ्यात एक टीचभर बेबी ऑस्टिन वळणावरून आली. रंग उडालेला, एका दाराला सुतळी. चालवणारा सायखेड्याचा सहादू कंपाउंडर. त्याचे डॉक्टर मरताना गाडी त्याला देऊन गेले होते, आणि गोदाकाठच्या गावांतून तो अजून हिच्यातूनच इंजेक्शनं द्यायला हिंडायचा. गाडी न थांबता, न उकळता, आपल्या चालीनं वर आली आणि उभी राहिली. पाण्याचा डबा नाही, ढकलणारा नाही.

"पाणी नको का हिला?" पुंजारामनं विचारलं.

"लय लागत नाय," सहादू बिडी पेटवत म्हणाला. "गरिबाकडं राह्यलीय ना. सवय हाय."

पुंजारामनं तिचे लागोपाठ चार फोटो काढले. पाचव्याला त्याच्या ध्यानात आलं, की एकाही फोटोत फूटपट्टी ठेवलेली नाही. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

शेवटी निवृत्तीशेठची मोटार आली, आणि बघणारे टाळ्या पिटायला लागले. एवढं धूड घाटात कुठं दमलंच नाही. पुंजारामनं मात्र टाळी वाजवली नाही. त्या बॉनेटखालून ठोका सुटा येत नव्हता. एकसारखी घरघर येत होती, देवळालीच्या लष्करी गाड्यांची येते तशी.

रविवारी सगळ्या गाड्या गोल्फ क्लबाच्या मैदानावर रांगेनं उभ्या केल्या. प्रत्येक मालक बॉनेटवर कोपर टेकून तयारच होता.

"साहेब, जरा बाजूला होता का? गाडी झाकतेय," पुंजाराम म्हणायचा.

एक बाईसाहेब मडगार्डवर ठेवलेली फूटपट्टी बघून नवऱ्याला म्हणाल्या, "हा झंपर शिवणार आहे का हिला?"

पुढून, मागून, दोन्ही अंगांनी, इंजिन, चेसिस. एकतीस गाड्या झाल्या. शेठच्या गाडीचं बॉनेट मात्र बंद होतं, आणि त्यापुढं शेठचा मेकॅनिक गोरक्ष हातातलं फडकं पिळत उभा होता.

"उघड रे."

"भाऊ, हिचं राहू द्या ना."

"एकतीस गाड्यांचं काढलं. हिचंच का राहू देऊ?"

गोरक्षनं इकडंतिकडं बघून बॉनेट उचललं. पुंजाराम वाकला. इंजिनावर नंबर होता, पण आकडे पंगतीला बसलेल्या पोरांसारखे खालीवर. फूटपट्टी लावली तर दोन आकडे रेघेखाली. आजूबाजूला कानस फिरवल्याच्या रेघा. चोरीच्या ट्रकांच्या केसमध्ये असले नंबर त्यानं डझनानं बघितले होते.

"देवळालीच्या लिलावातलं ना?" त्यानं हळूच विचारलं.

गोरक्षच्या तोंडावर आधी भीती आली आणि मग, लपवता लपवेना असा अभिमान. "मूळ इंजिन शेठनं पाण्याबिगर पळवून फोडलं, भाऊ. ते आता मळ्यात पडलंय, कोंबड्या बसत्यात त्याच्यावर. हे लष्कराचं बसवायला मला आठ म्हैने लागले. एक ब्रॅकेट इकत नाय घेतलं, सगळी हातानं बनवली. पण शेठ म्हणतो, कुणाला सांगशील तर बघ."

पुंजारामनं फोटो काढला. दोन काढले. गोरक्षचं काम खरंच सुरेख होतं, आणि ते सुरेख काम ज्याच्यासाठी केलं तो माणूस तिकडं मंडपात पाहुण्यांना मोटारीचा इतिहास सांगत होता.

संध्याकाळी सगळ्यात अस्सल गाडीचा चषक दिला गेला. परीक्षक दोघे. दुपारी शेठच्या घरी मटण झालं होतं, त्यामुळं त्यांना वाकणं जमेना. त्यांनी गाड्यांची गाद्या-गिर्द्यांवरूनच परीक्षा केली. सहादूची गाडी बाद. कारण रेडिएटरचं झाकण मूळचं नाही, औषधाच्या बाटलीचं आहे. चषक निवृत्तीशेठला.

सहादू म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. झाकण बाटलीचंच हाय." आणि गाडी सुरू करून सायखेड्याला निघून गेला.

आठ दिवसांनी पुंजाराम सगळे फोटो घेऊन शेठच्या बंगल्यावर गेला. शेठनं पाकीट उपडं केलं, आणि त्याचा चेहरा फोटोगणिक काळा होत गेला.

"आरं, माणसं कुठंयत? आन् ही पट्टी? माझ्या गाडीचा पंचनामा केला का रे तू?"

"जशी होती तशी काढलीय, शेठ."

शेठच्या हातात नंबरचे फोटो आले. मग ते दोन्ही फोटो त्यानं शांतपणे फाडले, तुकडे पानाच्या पिंकदाणीत टाकले, आणि आपल्या गाडीचा एक फोटो वेगळा काढला. "हा घेऊ. पट्टी तेवढी छाटू. खाली लिहायचं, पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत अस्सल. आन् त्याच्याखाली तुझं नाव."

"मग ते वाक्य नका टाकू, शेठ."

"का रं? हे काय कोर्ट हाय?" शेठ हसला. "जत्रा हाय ही. जत्रेत देवाला शेंदूर लावत्यात, दगड कुठला ते कुणी इचारतं का? नाव पायजे ना तुला? मग गप ऱ्हा."

आणि पुंजाराम गप्प राहिला. सत्राशे साठ वकिलांनी उलटं टांगलं तरी न हलणारा माणूस, पण तिथं तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येऊन त्यानं सुमनबाईला सगळं सांगितलं, आपण गप्प बसलो तेसुद्धा.

ती म्हणाली, "झालं तर मग. आता फ्रेम करून लावा भिंतीला."

"तू चिडलीस का?"

"मी कशाला चिडू? मला काय कोर्टात जायचंय? अठरा वर्षं पिंजऱ्यात उभं राहून मान वर करून बोलताय म्हणून इथं पोरंबाळं तुमचं नाव सांगतात. ते आता शेठच्या शेंदराखाली जाईल. जाऊ द्या. कागद गुळगुळीत हाय ना? बास."

जेवताना पुंजारामला आमटीला मीठ कमी वाटलं, पण मागायची हिंमत झाली नाही.

स्मरणिका रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात जुळत होती. तिथला टाइपाचे खिळे जुळवणारा जुळारी चिमाजी ओळखीचा. त्यानंच निरोप धाडला, "नाव जुळवलंय, ये बघायला."

पुंजाराम दुपारीच गेला. चिमाजीनं शाई ओली असलेला कागद दोन बोटांत धरून त्याच्यापुढं केला. वर शेठच्या मोटारीचा फोटो, पट्टी छाटलेला. आणि खाली, ठसठशीत काळ्या टाइपात: छायाचित्रे, पुंजाराम निकाळे.

खरं सांगायचं तर त्याचा ऊर भरून आला. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. त्यानं बोट लावून बघितलं. बोटाला शाई लागली. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना डोळा जरा वर सरकला आणि नावाच्या डोक्यावर बसलेलं ते वाक्य दिसलं. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत. असा कागद त्याला चांगला ओळखीचा होता. वर एक मजकूर, खाली एकाचं नाव. याला साक्ष म्हणतात, मग कागद कितीही गुळगुळीत असो.

"चिमाजी, हे वाक्य काढता येईल?"

"छे! शेठनं सही केलीय त्याच्यावर. एक टिंब हलवलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाव?"

"नावावर कुठं सही हाय. पण का? चूक हाय का काही?"

"चूक नाही. नाव बरोबर आहे. काढ."

"आरं येड्या, आत्ता तर बोट लावून लावून वाचत होतास—"

"काढ म्हणतो ना!"

चिमाजीनं त्याच्याकडं बघितलं, मग हातात चिमटा घेतला आणि खिळे उपसायला सुरुवात केली. एकेक अक्षर आपापल्या खणात टाकत गेला. पुंजाराम शेवटचं अक्षर पडेपर्यंत उभा होता. नजर कुठं वळवली नाही, आणि ते सोपं गेलं असंही नाही.

"शेठला काय सांगू?"

"सांग, उंदरानं नेलं."

ओळीच्या जागी आता बोटभर भोक पडलं होतं. चिमाजीनं खण धुंडाळले. छापखान्यात चित्रांचे ठोकळे होते ते सगळे लग्नपत्रिकांचे. त्यातला त्यात मापाला बसला म्हणून त्यानं नारळ ठेवलेला एक कलश तिथं ठोकून बसवला.

पुढं ती स्मरणिका मुंबईपर्यंत गेली. अस्सल मोटारीखाली कलश का, ते कुणी विचारलं नाही.