गच्चीवर नाचणारा ग्राहक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच तोंड उघडते! आयुष्यात मी माती एकदाच खाल्लीय असं नाही. पण ओझरला जाऊन, आख्ख्या सोसायटीसमोर जी खाल्ली, तिची सर दुसऱ्या कशालाच नाही.

तेव्हा मी नुकतीच बी.कॉम. होऊन मेनरोडजवळच्या एका बोळात मोबाईलच्या दुकानात कामाला लागले होते. दुकान केवढं? शेठ आत आले की मला बाहेर यावं लागायचं, एवढं. दोन हजार सात-आठ साल असेल. मोबाईल बोलण्यासाठी घ्यायचे लोक, आणि त्यावर गाणी वाजली तर माणूस महिनाभर गल्लीत कॉलर वर करून हिंडायचा.

अशात एका कंपनीचा मिटणारा फोन आला. लालभडक, पावडरच्या डबीएवढा. उघडला की टिंग, मिटला की टुंग. आत कार्ड घालायचं, आमच्याकडून गाणी भरून घ्यायची, संपलं. कॅमेरा नाही, काही नाही. पण आवाज! खिशात वाजला तर पुढची रिक्षा वळून बघायची.

कंपनीनं सगळ्या दुकानांना फॉर्मांचे गठ्ठे पाठवले. ‘ग्राहकांचे मनोगत’. नाव, पत्ता, काय आवडलं, काय नाही आवडलं, कोणती गाणी ऐकता. ज्या ग्राहकाचं मनोगत सगळ्यात छान, त्याचा सत्कार. आणि त्या दुकानाला दिव्यांची लखलखती पाटी! झालं, शेठचा जीव त्या पाटीत अडकला.

“वैशाली, चाळीस फॉर्म. शनिवारपर्यंत.”

“शेठ, आपण फोन विकलेत अकरा!”

“मग? बाकीचे पण घेतीलच की कधीतरी. मनोगत आधी घे.”

आता या माणसाशी काय वाद घालणार?

सुरुवात मी अगदी इमानदारीत केली हं. फुलबाजारात गेले. तिथे हार करणाऱ्या मावशींनी आमच्याकडूनच फोन घेतला होता. “चांगलाय गं,” म्हणाल्या. “पण उघडायला दोन हात लागतात, आणि माझ्या एका हातात सुई असते. मी आपली दातानं उघडते.” मी लिहिलं, ‘उघडण्यास सोपा.’

विंचूरच्या कांदा व्यापाऱ्यांची वेगळीच कथा. “लिलावात उभा होतो. फोन मिटला, टुंग झालं. लिलाव पुकारणाऱ्याला वाटलं मी बोली लावली, त्यानं माझ्या नावावर माल सोडला ना!”

सायखेड्याचे एक शेतकरी दुकानातच सापडले. “गाणी लय भारी वाजतेत. पलीकडचा काय बोलतो ते मात्र नाय ऐकू येत.”

“मग तक्रार लिहू का, भाऊ?”

“तक्रार कशाला? हा गाण्याला घेतलाय. बोलायला शेजारच्याचा हे ना!”

असे अकरा झाले. उरले एकोणतीस.

शुक्रवारी दुपारी लोडशेडिंगला लाइट गेली, शेठ जेवायला गेले, आणि मी काउंटरवर पेन घेऊन बसले. तुम्ही काय केलं असतं? तेच मी केलं. मामा, मावशी, आत्या, आत्याचे शेजारी, आमचा दूधवाला, सगळ्यांच्या हातात मी फोन दिला. कागदावर! कोणाला भजनं आवडली, कोणाला बॅटरी. अडतीस झाले, एकोणचाळीस झाले. चाळिसाव्याला डोकंच चालेना.

तेवढ्यात पर्समध्ये घडी घातलेला एक कागद हाताला लागला. ओझरच्या स्थळाचा बायोडाटा.

इथे जरा थांबून सांगायला हवं. त्याच आठवड्यात ती मंडळी मला बघून गेली होती. मुलगा प्रशांत. तो मला आवडला होता. का, ते विचारू नका. निघताना त्यानं माझ्या आईची चप्पल चुकून घातली होती आणि जिन्यातून परत येऊन अगदी गंभीरपणे बदलून नेली होती, म्हणून असेल. पण त्याचे वडील, केशवराव काका! कारखान्यातून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मला म्हणाले, “मोबाईलच्या दुकानात काम करतेस? मोबाईल म्हणजे रिकामटेकड्यांचं खेळणं. आमच्या घरात मी येऊ दिलेला नाही.” आणि “काय ते कळवतो” म्हणून गेले.

तो राग होता डोक्यात. मी चाळिसाव्या फॉर्मवर त्यांचं नाव घातलं. खालीच पत्ता होता, तोही घातला. आणि मग माझ्या पेनाला जो काही जोर चढला! ‘मी निवृत्त गृहस्थ आहे. पण या फोनने मला पुन्हा तरुण केले. मी रोज संध्याकाळी गुपचूप गच्चीवर जातो, फोन उघडतो आणि लावणी लावून एकटाच नाचतो. घरात कोणालाही माहीत नाही. न आवडलेली गोष्ट : लावणी लवकर संपते.’

लिहिलं, स्वतःशीच पोट धरून हसले, गठ्ठ्यात घातलं आणि विसरून गेले. अक्षरशः विसरले हो!

तीन आठवडे ओझरहून ना हो, ना नाही. आई रोज संध्याकाळी विचारायची, “काही फोन?” आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

एका सकाळी दुकानाच्या पायरीवर केशवराव काका उभे. मी धडपडून उठले, ओढणी सारखी केली. एवढा माणूस स्वतः आला म्हणजे होकारच की!

“या ना काका, बसा.”

“बसायला नाही आलो. आमचं मत आम्हाला न विचारता परस्पर कोणी कळवलं?”

मला वाटलं, मध्यस्थांनी घाईघाईत आमच्याकडे होकार कळवायचं ठरवलं आणि यांना राग आला. मी मान खाली घालून म्हटलं, “मला नाही माहीत काका. पण आई म्हणत होती, तुमचं मत चांगलंच असणार.”

“चांगलं? मी बघितलंसुद्धा नाही नीट, आणि माझं मत चांगलं?”

हे जरा लागलं मला. तासभर समोर बसवून प्रश्न विचारले होते, आणि नीट बघितलं नाही?

“घरात हिनं तोंड फिरवलंय,” काका म्हणाले. “सगळ्या सोसायटीत झालंय की मी नाचतोय!”

“आनंदानं?” मी लाजत विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं काही बघितलं! मग खिशातून एक कागद काढून काउंटरवर आपटला. माझा फॉर्म. माझं अक्षर.

झालं होतं असं, की कंपनीला सगळ्या जिल्ह्यातून काकांचंच मनोगत सगळ्यात जास्त आवडलं होतं. रविवारी सकाळी कंपनीची तीन माणसं शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन थेट ओझरला त्यांच्या दारात! काका म्हणताहेत माझ्याकडे मोबाईलच नाही, ते म्हणताहेत घाबरू नका काका, इथेच वाचून दाखवतो. आणि दाखवलं की वाचून! मोठ्यानं, जिन्यात, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं. आणि दुर्दैव बघा, काका रोज संध्याकाळी खरंच गच्चीवर जायचे. फेऱ्या मारायला! आता काकूंना काय वाटणार?

इतक्यात आमचे शेठ आले. फॉर्म बघितला आणि उजळलेच. “अरे वा! हेच का ते साहेब? आत्ताच कंपनीतून कळलं, आपली पाटी यांच्यामुळेच की! सगळे फॉर्म या वैशालीनं भरलेत हं. घरोघरी जाऊन, एकेकाशी बोलून!”

“घरोघरी,” काका हळूच म्हणाले. “आमच्याकडे कधी आली होतीस?”

“नाही काका,” मी म्हटलं. “तुम्हीच आला होतात आमच्याकडे.”

मग मी सगळं सांगून टाकलं. लाइट गेली इथपासून लावणीपर्यंत. शेठनी कपाळाला हात लावला. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “रविवारी अकराला आईला घेऊन ये. हे सगळं माझ्या बायकोला सांग. बाकीचं नंतर.”

आईला सांगितलं तर तिनं आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “पोरी, चांगलं स्थळ होतं गं.” होतं! ऐकलंत ना? ‘होतं.’

रविवारी ओझरला तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडंच. आतल्या माणसांपेक्षा दारात माणसं जास्त. ही बातमी यांना कोणी दिली देव जाणे. प्रशांत खिडकीपाशी ओठ घट्ट दाबून उभा. काकू मधोमध खुर्चीत, हाताची घडी घालून.

मी नजर फरशीवर ठेवली आणि एका दमात म्हटलं, “काकू, तो फॉर्म मी लिहिला. काकांकडे फोन नाही. ते लावणी ऐकत नाहीत. चूक माझी आहे.”

काकूंनी हाताची घडी सोडली.

“म्हणजे हे नाचत नाहीत?” काकू.

“नाही काकू.”

“एकदाही नाही?”

“मला तरी तसं कोणी सांगितलं नाही.”

“बघ!” काका म्हणाले. “आता पटलं?”

काकूंनी मोठा सुस्कारा सोडला. “पटलं हो. मला चोरून नाचता म्हणून रुसले होते, पण आठवडाभर मनातून काय बरं वाटत होतं! म्हटलं, तीस वर्षांत या माणसाच्या अंगात एकदा तरी काही संचारलं. परवा तर मी चोरून जिन्यात येऊन ऐकत बसले होते. नुसत्या चपला वाजत होत्या, सटक फटक, सटक फटक. मला वाटलं ठेका धरलाय!”

दारातून हसण्याचा असा फवारा आला! प्रशांतनं तर खिडकीकडे तोंडच फिरवलं, नुसते खांदे हलत होते. आणि खोटं नाही सांगत, काकांच्या मिशीची एक बाजू वर गेली. “अक्षर मात्र चांगलं आहे तिचं,” म्हणाले.

काकू उठल्या. “अहो, जी मुलगी इतक्या लोकांत स्वतःची चूक कबूल करते, तिला नाही म्हणायचं नाही. मला पसंत आहे. प्रशांत, तुला?”

खिडकीकडून “हो” आलं. जरा घाईघाईतच आलं.

आईनं मला कोपरानं ढोसलं. “वैशे, पाया पड सगळ्यांच्या!”

मला मेलीला रडू आणि हसू एकदमच येत होतं. मान वर करायची सोय नव्हती. समोर जे पाय दिसतील त्यांना नमस्कार करत सुटले. काका, काकू, प्रशांतची आत्या, शेजारच्या आजी, खालच्या मजल्यावरचे जोशीकाका. शेवटी दारापाशी धुळीनं भरलेले दोन मोठ्ठे पाय. म्हटलं, गावाकडचे कोणीतरी मोठे दिसतात. अगदी डोकं टेकवून नमस्कार केला.

“सुखी राहा, ताई,” वरून जड आवाज आला. “अखंड सौभाग्यवती भव. पण ते गॅसचं पुस्तक तेवढं आणा ना लवकर. सिलेंडर केव्हाचा खांद्यावर घेऊन उभाय मी.”