ब्राह्मीचा काढा आणि सुलेमानी चहा

मंडळी, इथे आखातातल्या सायबर कॅफेतून लिहितोय.

कशातच मन लागत नाही, असं आईला फोनवर म्हणालो होतो. तिने गावच्या वैद्यांकडून ब्राह्मीचं चूर्ण आणून सुट्टीवरून परतणाऱ्या एकाबरोबर पाठवलं. महिनाभर काढा घेतोय.

आज दुपारी हवल्ली भागातल्या आमच्या खोलीवर तो ग्लासात गाळून ठेवला होता. रूममेट सलीमभाईंनी बिनदुधाचा सुलेमानी चहा समजून मोठा घोट घेतला आणि तसेच बेसिनकडे धावले.

"अरे, एवढं कडू रोज कसं पितोस तू?"

उरलेला मी सावकाश प्यायलो. कडू लागला नाही. आधी कधी लागला होता, तेही आठवेना.

आई विचारते, गुण येतोय का. मी हो म्हणतो.

आता डॉक्टरकडे जाणार आहे. पण कुठे दुखतंय म्हणून सांगू?