नऊशेचा बँड

चंदीगडला बदली होऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. घरात माझे कॉल कटतात, अशी तक्रार बायकोने मोबाइल कंपनीकडे केली, म्हणून कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा सरदारजी, फिकट निळी पगडी. बूट दाराबाहेर काढून, दोन्ही हातांत एकेक फोन धरून तो खोल्यांतून फिरला, काठोकाठ भरलेले चहाचे कप न्यावेत तसा. प्रत्येक खोलीत फोनवरचा सिग्नलचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचा, मग बोटाने भिंत ठोकून बघायचा.

स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "भाईसाहब, यहीं कटता है. रोज शाम को, इनके पिताजी का फोन आते ही."

तिथे तो सर्वांत जास्त वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे बघत सावकाश म्हणाला, "तेईस सौ मेगाहर्ट्झ वाला बँड दीवार पे रुक जाता है जी. व्हिडिओ अटकेगा. पर नौ सौ वाला अंदर तक आता है. बात करने के लिए वो काफी है."

फोन मीच कापत होतो, हे त्याला कळलं असावं. त्याने कागदावर माझी सही घेतली, बूट घातले आणि गेला.

संध्याकाळी सांगलीहून बाबांचा फोन आला. मी स्वयंपाकघरातच उभा राहिलो. गुडघा, शेजारी, पाण्याची मोटर, सगळं ते एका दमात सांगत सुटले. रेंज जायच्या आत उरकायची त्यांना सवय लागली आहे.